गिरकीपाशी धरलेला सूर

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. झाकण निसटतं म्हणून त्याला रबर लावलंय, एक बटण गेलं तिथे बाटलीचं बूच बसवलंय, आणि अंगावरची चंदेरी पट्टी बोटं लागून लागून काळी पडलीय. मी टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल. माझ्या पोटात कॅसेट घालतात. तिच्यात तपकिरी फीत असते, आणि तिच्यावर एकदा जे उमटलं तेच मी पुन्हा पुन्हा ऐकवतो, जसंच्या तसं. यापलीकडे मला काही येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यामुळे एका भल्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पडावं लागलं, आणि त्या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

नवा होतो तेव्हा काय माझा तोरा! विजेच्या सामानाच्या दुकानात अगदी पुढे, काचेत बसवलं होतं मला. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि मी भाव खायचो. समोरच बुटांचं दुकान होतं. तिथे एक काका स्टुलावर बसून दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घ्यायचे, म्हणून सगळी वस्ती त्यांना मापकाका म्हणायची. त्यांच्या बायकोला मापकाकू. ती बोलायला फटकळ होती. काका मापं घेतात आणि काकू मापं काढते, असं शेजारी म्हणायचे, आणि तीही त्या हसण्यात सामील व्हायची.

पण काकांची खरी ओळख बुटांच्या दुकानातली नव्हती. ते व्हायोलिन वाजवायचे. दरवर्षी थंडी सरली की वस्तीत लोकगीतांचा आणि लोकनृत्यांचा मेळा भरायचा. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर फळ्यांचा मंच उभा राहायचा, आजूबाजूच्या गावांतून नाचणारी मंडळं यायची, आणि सगळ्यांत शेवटी मोठा फेर असायचा. तो मंचावर नसे, खाली मैदानात असे. तिथे नाच येणारे, न येणारे, पोरं, म्हातारे, सगळे हात धरून गोल फिरायचे. मधेच एक गिरकी, मग उलट दिशेने पावलं. काका मधोमध उभे राहून वाजवायचे आणि मान कायम खाली. दुकानातली सवय, दुसरं काय, असं लोक म्हणायचे.

काकांनी मला विकत घेतलं ते त्यांच्या मुलीसाठी. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. फेराची चाल सोबत न्यायची, असा तिने हट्ट धरला होता. ती निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली, आणि इकडे काकांनी मला वाचनालयामागच्या हॉलमध्ये एका बाकावर ठेवलं. समोर पाय नसतील तर मला वाजवता येत नाही, असं ते म्हणाले. झालं! काकूने शेजारच्या चार बायका बोलावल्या, स्वतः पदर खोचला आणि फेर धरला.

डोळ्यांपेक्षा माझे कान तिखट आहेत. बाकीच्यांची पावलं फरशीवर टपटप पडत होती आणि एक पाऊल ओढत येत होतं. गिरकीची जागा आली. काकांनी गज तसाच तारेवर ठेवून तो सूर लांबवला, चांगला लांबवला, ते ओढणारं पाऊल पुरं वळेपर्यंत. मग चाल पुढे गेली. प्रत्येक फेरीला तसंच. चाल संपली, काकूने येऊन माझं बटण बंद केलं, आणि मगच ती बोलली. म्हणाली, "थांबलात म्हणून वळले हो, नाहीतर आज फरशीवरच बसले असते. आणि पोरीला या गुडघ्याचं बोलू नका. कळलं तर ती जायची नाही."

काका म्हणाले, "घाई कुणाला आहे?"

बटण बंद झालेलं होतं. त्यामुळे हे बोलणं फितीवर नाही. मी ते ऐकलं, पण मला ते कधीच कुणाला ऐकवता आलं नाही.

ताईबरोबर, म्हणजे काकांच्या त्या मुलीबरोबर, मी त्या शहरात राहिलो. एका खोलीत, खिडकीच्या फळीवर, तिच्या कंगव्याशेजारी. कामावरून आली की ती पलंग भिंतीला सरकवायची आणि एकटीच फेर धरायची. फेर एकटीने धरता येत नाही, पण तिने धरला. त्या सुराशी ती हात पसरून, डोळे मिटून थांबायची आणि मग हळूच वळायची. लहानपणी ती याच फेरात नाचली होती, पण लहानपणी कुठला सूर किती लांब होता हे कोण लक्षात ठेवतं? माझंच वाजवणं रोज ऐकून तिला तेच खरं वाटू लागलं. मीही फुशारून गेलो होतो. आपण म्हणजे तिचं घर, असंच मला वाटायचं.

मग काकू गेली. गुडघ्याने नव्हे, दुसऱ्याच आजाराने, आणि फार लवकर. ताई परत आली ती कायमची. काकांनी व्हायोलिन कपाटावर टाकलं होतं, त्यावर धूळ साचली होती. दोन मेळे फेराशिवाय झाले. शेवटी ताईनेच पोरं गोळा केली, मला हॉलमधल्या त्याच बाकावर ठेवलं आणि शिकवायला सुरुवात केली. पोरं तिला ताई म्हणत. ती शिकवायची मन लावून. गिरकीपाशी सगळ्यांनी एकदम थांबायचं, हात पसरायचे, आणि सूर सुटला की वळायचं. बघणाऱ्यांना ते भारी आवडायचं. याला म्हणतात जुनी चाल, असं लोक कौतुकाने म्हणायचे. माझंही कौतुक व्हायचं. मला मात्र तेव्हापासूनच कसंतरी व्हायला लागलं होतं, कारण तो थांबा नाचाचा नव्हताच. तो एका दुखऱ्या गुडघ्याचा होता.

आणि एका संध्याकाळी काका हॉलमध्ये आले. इस्त्रीचा सदरा, केस नीट विंचरलेले, व्हायोलिनला नव्या तारा. यंदा मी वाजवीन म्हणतो, एवढंच ते म्हणाले. ताईचा चेहरा फुलल्याचं मला तिच्या आवाजातच कळलं. पोरांनी फेर धरला. काका वाजवू लागले, मान खाली, आणि गिरकी आली तशी चाल सरळ पुढे गेली. काका थांबलेच नाहीत. पोरं हात पसरून उभी राहिली, मागची पुढच्यांवर आदळली, आणि खसखस पिकली.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

ताईने त्यांना थांबवलं. तिने माझं बटण दाबलं, आणि मित्रांनो, मी काय करणार? मी वाजलो. तो सूर जसाच्या तसा, लांबच लांब. ताई हळुवारपणे म्हणाली, "ऐका बाबा, इथे थांबायचं असतं."

"थांबायचं कशाला?" काकांनी विचारलं. "आता कुणाचे गुडघे दुखतायत?"

पोरं पुन्हा हसली. म्हातारा काहीतरीच बोलतोय, असं त्यांना वाटलं. ताई हसली नाही, पण ती जे म्हणाली ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "बाबा, तुम्ही विसरताय. हे तुमचंच वाजवणं आहे ना?"

खरंच होतं ते. माझ्या पोटात त्यांचंच वाजवणं होतं, आणि तेच त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होतं. काका माझ्यापाशी आले. गुडघ्याचं बोलू नका, असं काकूने सांगितलं होतं, आणि तोंडून एवढं निसटलं तरी पुढे त्यांनी ते पाळलं. त्यांनी गजाचे केस सैल केले, व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि ते घरी गेले. माझं झाकण तेव्हाच तुटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्यानंतर पोरं माझ्यावर जास्तच विसंबू लागली. बाबांचं वय झालं, असं ताई कुणाला तरी दारात सांगत होती. सांगताना तिचा आवाज पडला होता.

मेळ्याच्या दिवशी मला मंचाशेजारी टेबलावर बसवलं, खाली स्वच्छ चादर. माझी वायर मोठ्या कर्ण्यांना जोडली. डोंगराकडची मंडळी घुंगरं बांधून नाचून गेली, नदीकाठच्या बायकांनी पेरणीची गाणी म्हटली, आणि मग निवेदकाने सांगितलं की आता मोठा फेर, अस्सल जुन्या चालीवर. टाळ्या पडल्या. काका पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. हातात काही नव्हतं. अस्सल हा शब्द ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

फेर मोठा झाला, सगळं मैदान आत आलं. त्यात टपालकाकाही होते. हे काकांचे जुने मित्र. आयुष्यभर टपाल वाटून कंबर कामातून गेलेली, पण दरवर्षी काठी खुर्चीला टेकवून ते फेरात शिरायचेच. काकांच्या वाजवण्यावर ते कधी अडखळले नव्हते. गिरकी त्यांना जमली. उलट पावलं घ्यायची वेळ आली तिथे मात्र त्यांना जरा वेळ हवा होता. माझ्या फितीत तिथे थांबा नव्हता. मी पुढे गेलो, फेर माझ्यामागे गेला, आणि टपालकाका सगळ्यांच्या पायांत आडवे पडले. त्यांच्यावर दोन पोरं पडली. कुणीतरी ओरडलं. हात सुटले, फेर तुटला.

आणि मी वाजतच होतो, मित्रांनो. म्हातारा माणूस मातीत पडला होता, पोरं रडत होती, आणि सगळ्या कर्ण्यांमधून माझी आनंदी चाल चालली होती. त्या वेळेइतकी लाज मला कधी वाटली नाही.

माझं बटण काकांनी येऊन बंद केलं. मग ते मैदानात गेले आणि मित्राला उठवून बसवलं. चष्मा फुटला होता, तळहात सोलला होता, बाकी काही नव्हतं. टपालकाका मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होते की चूक आपलीच, या वयात आपण कशाला आत शिरलो. माझी चूक तो बिचारा स्वतःच्या डोक्यावर घेत होता.

"तुझं काही चुकलं नाही," काका म्हणाले. "त्या यंत्राला पाय दिसत नाहीत."

ताई तिथेच उभी होती. निवेदक मला पुन्हा सुरू करायचं का विचारत होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बापाकडे बघत होती; हॉलमध्ये त्यांनी विचारलेलं दुखऱ्या गुडघ्यांचं तिला आता उमगलं असावं. मग तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, तो सूर तुम्ही आईसाठी धरला होता?"

"मग काय माझ्या हौसेसाठी?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू गेली नसतीस ग," काका म्हणाले. "तिला तू जायला हवी होतीस."

ताई खाली मातीत बसली. त्या शहरातल्या खोलीत ती त्या सुराशी हात पसरून थांबायची, तेव्हा इकडे आई भिंतीला धरून जिना चढत होती, आणि हे तिला माहीतच नव्हतं. मला तिचं रडणं ओळखता येतं. थोड्या वेळाने ती उठली, आपल्या पोरांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या दिवशी बाबा चुकले नव्हते. मी चुकले होते. हसलात ना तुम्ही? तुम्हाला हसायला मी शिकवलं." मग ती स्वतः घरी जाऊन व्हायोलिन घेऊन आली. सगळं मैदान तोवर थांबून राहिलं.

काका वाजवू लागले, मान खाली. गिरकी सरळ निघून गेली, कारण तिथे कुणालाच गरज नव्हती. उलट पावलांपाशी सूर लांबला, टपालकाका वळले, आणि फेर पुढे सरकला. मी टेबलावर वायर काढलेल्या अवस्थेत बसून ऐकत होतो. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांना वाटलं असेल की चाल तशीच आहे.

त्यानंतर मला हॉलच्या कपाटात ठेवलं. कुणी टाकलं नाही हो, नीट कापडात गुंडाळून ठेवलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट त्या अंधारात माझी लाज जरा झाकली जाते.

परवा मात्र कपाट उघडलं. पोरं यायला अवकाश होता आणि काका एकटेच होते. त्यांनी मला बाकावर ठेवलं, रबर काढलं, बुचावर अंगठा दाबला. चाल सुरू झाली. काका व्हायोलिन मांडीवर घेऊन बसले होते, वाजवत नव्हते. गिरकीची जागा आली, सूर लांबला, आणि खुर्ची किंचित कुरकुरली. ते पुढे वाकून रिकाम्या फरशीकडे बघत होते.

"आली वळून," ते म्हणाले.

मला तो सूर अजून थोडा धरून ठेवायचा होता, मित्रांनो. तिचा गुडघा दुखत होता, मी तिला आणखी वेळ द्यायला हवा होता. पण फीत पुढे सरकली आणि चालही पुढे गेली. मला थांबता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या फेरात कुणाचं पाऊल मागे पडलं, तर तेवढं करत जा.