कमानीचा खांदा

चितेगावच्या बिरोबाच्या देवळापुढं सांडू गवंड्यानं कमान बांधली, आणि खालचा लाकडी साचा काढला त्याच दिवशी ती खाली आली. फसली सन तेराशे पंचेचाळीसच्या सुमाराची, निजामाच्या अमलातली गोष्ट. खाली सांडूचा मेहुणा, नावानं कारभारी, उभा होता. जीव वाचला, पण उजवा पाय मोडला तो मोडलाच.

सांडूच्या घराण्यात सगळे मेंढरं राखणारे. थापी धरली ती त्यानं एकट्यानं. विहिरी बांधता बांधता हात बसला होता. गावानं मोठ्या विश्वासानं देवाचं काम दिलं होतं. पडलेल्या दगडांभोवती माणसं जमली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “चुना कच्चा व्हता.”

चुना रहीमचा. भट्टी त्याची, चुना दळायची घाणी त्याची, आणि त्याच्या बाप-आजानंही जन्मभर चुनाच मळला होता. रहीम त्या गर्दीतच होता. तो घरी निघून गेला. त्यानंतर पंधरा दिवस गावातल्या कुणी त्याच्या घाणीकडं फिरकलं नाही.

सांडूची बायको पुतळाबाई भावाच्या पायाला पाला बांधत होती. खाली मान घालूनच म्हणाली, “चुना कच्चा व्हता, हे तुमी बघून बोलले का नुसतंच?”

सांडू उठून अंगणात गेला.

सोळाव्या दिवशी सकाळी रहीमची बैलगाडी दारात उभी राहिली.

“चल. औरंगपुऱ्यात चुना टाकायचाय,” तो म्हणाला. “तिथून एक जागा दाखवतो तुला. मंग माझ्या चुन्याला काय नावं ठेवायची ती ठेव.”

नाही म्हणायला सांडूला तोंड नव्हतं. तो पोत्यांवर बसला. वाटेनं दोघं बैलांशी बोलले, एकमेकांशी नाही. पैठण दरवाजातून गाडी शहरात शिरली, औरंगपुऱ्यात पोती उतरली, आणि रहीमनं बैल किलेअर्काच्या जुन्या किल्ल्याकडं वळवले.

जामा मशिदीच्या दारात सांडूचा पाय अडला. “मला येऊ देतील का आत?”

“पायतान काढ, हातपाय धू. कोण अडवतंय?”

आत मोठं अंगण होतं, अंगणात पाण्यानं भरलेला हौद. पाय धुऊन सांडूनं वर पाहिलं आणि हातातला पंचा हातातच राहिला.

समोर एका ओळीत नऊ कमानी होत्या. ना चढावाचा दिखावा, ना उतरणीची घाई. दोन्ही बाजूंनी रेघ वर जायची आणि टोकाशी अशी भेटायची, जशी नमस्काराला बोटं भेटतात. एका कमानीतून दुसरी दिसत होती, तिच्याआड तिसरी, आणि त्यांच्यामागं खांबांचं रानच. त्यानं आयुष्यात एक कमान बांधली होती, आणि ती एक दिवसही टिकली नव्हती.

झाडू घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. निजामुद्दीन त्यांचं नाव; मशिदीची झाडलोट, दिवाबत्ती पाहायचे. रहीमनं सलाम केला आणि सांगितलं, “हा आमच्या गावचा गवंडी. बघायला आणलाय.”

“गवंडी है? फिर तो आव मियां, आव,” निजामुद्दीन खुलले. “येणारे लोक वर बघतात, वाहवा करतात नि जातात. बघणारा माणूस भेटत नाही. नमाजला अजून वेळ आहे. चला.”

आत गारवा होता. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी खांबच दिसले, मग त्यांचे पैलू. पाच रांगांत पन्नास खांब, आणि वर सत्तावीस छोटे घुमट. निजामुद्दीन हे आकडे पोरांची नावं सांगावीत तसे सांगत होते. सांडूनं एका खांबाला तळहात लावला. थंड, गुळगुळीत. कुठं खाच नाही, कुठं दगड पुढं आलेला नाही. असं काम करणाऱ्या हातांचा त्याला हेवा वाटला नाही. त्या हातांच्या पाया पडावंसं वाटलं.

“पाच कमानी मलिक अंबरच्या, म्हणतात,” निजामुद्दीन म्हणाले. “चार मागाहून जोडल्या, आलमगीर बादशाहाच्या वेळी. आता तुम्हीच सांगा, सांधा कुठं आहे?”

सांडू या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेला. चौकटीला डोळा लावून बघितलं, बोटं फिरवून बघितलं. सांधा काही हाती लागेना.

“नाय सापडत, चाचा. कुठं हाय?”

“मला तरी कुठं माहीत?” म्हातारा हसला. “वाटलं होतं, गवंडी सांगेल.”

एका कोपऱ्यात दगडांमधला जुना चुना उघडा पडला होता. सांडूनं नखानं टोकरला. नखच दुमडलं. मागं उभा असलेला रहीम म्हणाला, “चुनखडी, वाळू, गूळ, बेलफळ. आमचा पण हाच माल.”

सांडू अंगणात आला आणि पुन्हा ती ओळ पाहत उभा राहिला. मधले खांब एवढे सडपातळ, तरी पडत का नाहीत? आणि कडेला मात्र एवढं जाड बांधकाम कशाला? तेव्हा त्याला बापाचं मेंढरं कोंडायचं वाडगं आठवलं. थंडीत मेंढरं एकमेकांना रेलून उभी राहतात. मधलं मेंढरू पडत नाही, कारण दोन्हीकडून शेजारी असतो. सगळा रेटा जातो कडेच्या काटेरी कुपाला. कूप कच्चं असलं की वाडगंच उघडं पडतं.

त्याच्या एकट्या कमानीला शेजारी नव्हता. तिचा सगळा रेटा बाजूच्या भिंतींवर, म्हणजे कमानीच्या खांद्यांवर, आणि त्या भिंती त्यानं हातभर जाडीच्या बांधल्या होत्या. दगड वाचवायला नाही, कमान नाजूक दिसावी म्हणून.

आणखी एक गोष्ट होती. ती त्याला इथं कळली नव्हती, त्या दिवसापासून माहीत होती. कमान पडली तेव्हा दगड सुटे झाले नव्हते. तीन-तीन, चार-चार चुन्यानं एकमेकांना चिकटूनच पडले होते. त्यानं ते पाहिलं होतं आणि तरी चुन्याला दोष दिला होता.

रहीम हौदाच्या काठाशी बसला होता. सांडू त्याच्याजवळ जाऊन बसला.

“चुना चांगला व्हता तुझा. खांदा माझा कच्चा व्हता. मला ठावं व्हतं, रहीमभाई.”

रहीम काठावरून उठला. “हे इथं सांगून काय उपेग?” तो म्हणाला. “गावात सांग.”

दुसऱ्या दिवशी देवळापुढं चार माणसं बोलावून सांडूनं ते सांगितलं. आधी कारभारीच्या बाजेपाशी बसून सांगितलं. ते सगळ्यांत जड गेलं. कारभारी दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मंग बांध की आता नीट.”

या खेपेला खांदे साडेतीन हात जाड झाले. चुना रहीमचाच, आणि घाणीवर तो स्वतः उभा राहिला. पुरते दोन महिने सांडूनं साचा हलवू दिला नाही. काढायच्या दिवशी माणसं लांब पिंपळाखाली थांबली. शेवटची फळी सांडूनं ओढली आणि कमानीच्या बरोबर खाली उभा राहिला. चुन्यानं पांढरे झालेले हात पुसत रहीम पुढं आला आणि त्याच्या शेजारी येऊन थांबला.

कमान जागची हलली नाही.

पिंपळाखालून काठी टेकत टेकत कारभारी आला. जाड खांद्यांकडं, मग वरच्या रेघेकडं त्यानं नीट निरखून पाहिलं.

“जरा ठेंगणी दिसती,” तो म्हणाला.

“व्हय,” सांडू म्हणाला. “तिथल्यासारखी नाय झाली. तिथल्यासारखी नाय व्हायची माझ्या हातनं.” आणि हे सांगताना त्याला वाईट वाटलं नाही.