चटईने पळवलेली माझी दोन माणसे

मी दारावरची एक जुनी बेल आहे. दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या वर, भिंतीवर माझी जागा. बाहेरून कोणी बटण दाबले की मी 'टिंग' म्हणते आणि बोट उचलले की 'टाँग'. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी फार जळकी आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला वाटेल की दारावरच्या बेलने एका चटईवर एवढे जळायचे कशाला? पूर्ण ऐका, मग बोला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेच्या दोन पट्ट्या, मधे एक दांडी, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे आणि वरून पांढरे झाकण, एवढाच माझा संसार. खोक्यात घालण्याआधी तिथल्या बाईने मला दोनदा वाजवून पाहिले आणि म्हणाली, "ही खणखणीत आहे." ती माझी पहिली शाबासकी. वायरमनने मला या घरात बसवले तेव्हा घरातले सगळे जण दाराशी गोळा झाले होते. आजी तर चार वेळा बाहेर जाऊन बटण दाबून आली.

ते माझे सुखाचे दिवस होते. मी वाजले की घरात धावाधाव व्हायची. घरातली लेक तेव्हा लहान होती. दार कोणी उघडायचे यावरून ती वडिलांशी भांडायची. आई घरीच शिवणकाम करते, त्यामुळे गिऱ्हाइकांची ये-जा सतत असायची आणि माझ्या तोंडाला विश्रांती नसायची. पुढे मोबाईल आले. लोक खालूनच फोन करू लागले, "आलोय, दार उघड." दार आधीच उघडलेले असायचे. कोणी बेल वाजवलीच तर लेक आतून ओरडायची, "आई, बघ गं कोण आहे," आणि जागची हलायची नाही. माझ्या झाकणावर धूळ साचली, एक कोळी राहायला आला. माझ्याकडे पाहायलाही कोणाला वेळ नव्हता.

अशा वेळी घरात कुत्र्याची दोन पिल्ले आली. सख्खी भावंडे. शिवणकाम करणाऱ्या घरात नावे काय ठेवणार? भावाचे नाव टाका, बहिणीचे गुंडी.

मित्रांनो, त्या दोघांनी मला पुन्हा जिवंत केले. मी नुसते 'टिंग' म्हणायचा अवकाश, दोघे जिथे असतील तिथून उठून दाराकडे सुसाट सुटत. टाका कपाटाखालून, गुंडी पलंगावरून. 'टाँग' म्हणेपर्यंत दोघे माझ्या खाली उभे, माना वर, भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतलेले. एवढा मान मला आजीनेही दिला नव्हता. मी तर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसे.

पण आईचे शिवणकाम जमिनीवर चालते. कापड पसरायचे, खडूने आखायचे, मग कात्री लावायची. एका गिऱ्हाइकाने आपल्या वारलेल्या आईचा रेशमी कोट उसवून, त्यातून मुलीसाठी फ्रॉक शिवायला दिला होता. आईने ते तुकडे जमिनीवर मांडले आणि तेवढ्यात मी वाजले. दोघे कापडावरून धावले. गुंडीच्या नखाने मधला तुकडा चरकन फाटला. तसले कापड आता कुठून आणणार? आई कपाळाला हात लावून तिथेच बसली.

दाराबाहेर लेकीची आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ. तिने आत येऊन पाहिले आणि म्हणाली, "अगं, ही दोघं एकत्र म्हणजे आगीत तेल. एकाला मी घेऊन जाते. आमच्याकडे अंगण आहे, राहील मोकळं."

"वन्सं, ती एकमेकांना सोडून झोपत नाहीत हो," आई म्हणाली.

"मग तू शीव आणि त्यांनी फाडावं. महिनाभरानं येते मी. तोवर दोघं नीट बसायला शिकली तर ठीक, नाहीतर एकाची पिशवी भरून ठेव."

लेकीला रडू आले. मला नाही आले. मला वाटले, दोघांपैकी एक गेला तरी एक उरेलच माझ्याकडे धावायला. असा माझा स्वभाव.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आईने उरलेल्या चिंध्यांची एक जाड चटई शिवली. मी या घरात किती वर्षांची, आणि ही कालची पोर! एकाला स्वयंपाकघरात कोंडायचे, दुसऱ्याला चटईजवळ आणायचे. लेक बाहेर जाऊन माझे बटण दाबायची. टाका माझ्याकडे धावायला निघाला की आई बिस्किट चटईवर ठेवायची. तो वळायचा, चटईवर जायचा, पोट टेकले की दुसरे बिस्किट. चार-सहा दिवसांत तो शिकला. मग गुंडीची पाळी, तीही शिकली. माझा आवाज ऐकायचा आणि माझ्याकडे पाठ फिरवून त्या चिंध्यांकडे पळायचे! वाजायचे मी, लाड चटईचे, बिस्किट त्यांना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

मग दोघांना एकत्र सोडले. मी वाजले, आणि दोघे एकदमच चटईकडे झेपावले. टाका वर, गुंडी त्याच्यावर. गुरगुर, चावाचावी, चटई ओढत ओढत थेट शिलाई मशीनखाली. आई "शांत! शांत बसा!" म्हणून ओरडली, तर ते आणखी भुंकू लागले. त्यांना वाटले, आईसुद्धा आपल्यासोबत भुंकतेय. मी वर बसून मजा पाहत होते. मला फार बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

दोन दिवस घरात सगळ्यांची तोंडे उतरलेली होती. मग मशीनवर दोरा ओवता ओवता आई एकदम थांबली.

"अगं, आपणच खुळ्या," ती लेकीला म्हणाली. "दोघांना एकाच जागेवर बसायला शिकवलं आपण. एका खुर्चीवर दोन गिऱ्हाइकं बसवली तर भांडणारच की."

त्या दुपारी दुसरी चटई तयार झाली. एक सवत होती, दुसरी आली!

एक चटई मशीनपाशी, एक कपाटापाशी, आणि मधे आईचे स्टूल. या वेळी तिने घाई केली नाही. आधी मला वाजवलेच नाही. दोघे आपापल्या चटईवर नुसते लोळत पडले तरी ती हळूच पंजांमध्ये बिस्किट ठेवायची आणि पुटपुटल्यासारखे "शाबास" म्हणायची. उठून एकमेकांच्या अंगावर गेले तर रागवायची नाही, बोलायचीही नाही, फक्त बिस्किटाचा डबा बंद. गंमत म्हणजे आवाज खाली आणला तशी कुत्रीही खाली बसू लागली. मग लेक माझे बटण हळूच दाबू लागली, नुसते अर्धवट 'टिंग'. मग पूर्ण. मग शेजारच्या काकांना वाजवायला लावले, कारण लेक चप्पल घालून बाहेर गेली की दोघांना आधीच कळायचे की ही खोटी बेल आहे. कुत्री काही दुधखुळी नसतात.

सगळ्यांचे कौतुक झाले. कुत्र्यांचे, लेकीचे, काकांचे, चटयांचेसुद्धा. "किती सुंदर शिवल्यात!" म्हणे. दिवसभर वाजून वाजून माझे वेटोळे तापले, पण माझे नाव कोणी काढले नाही.

महिना झाला आणि आत्या आली. हातात नवा पट्टा होता, एकच. पिशवीही भरून ठेवलेली होती, कोणाची ते अजून ठरायचे होते. लेक खिडकीतून पाहत होती. "आली," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

आत्याचे बोट बटणावर पडले. मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे हवे होते. त्या दोघांनी माझ्या खाली येऊन उभे राहावे, माना वर कराव्यात, पूर्वीसारखे भुंकावे. एकदाच. आणि त्याच वेळी मला त्या भरलेल्या पिशवीकडे पाहवत नव्हते. मी काय करणार? बेलला वाजण्यापलीकडे काही येत नाही. मी वाजले, खणखणीत वाजले.

टाका उठला. दाराकडे दोन पावले आला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग गुंडीकडे. गुंडी आपल्या चटईवर जाऊन पसरली होती. तो वळला आणि आपल्या चटईवर जाऊन पडला.

आत्याने पुन्हा बटण दाबले, मग तिसऱ्यांदा. आईने दार उघडले.

"बेल बंद पडलीय का गं? मघापासून दाबतेय, आत चिटपाखरूसुद्धा नाही!"

"चालू आहे, वन्सं. तुम्हीच वाजवून बघा."

आत्या उंबऱ्यात उभी राहून दाबत राहिली, दोघांकडे टक लावून. टिंग, टाँग. टिंग, टाँग. गुंडीने जांभई दिली. टाकाची शेपटी जमिनीवर आपटत होती, पण पोट चटईवरून हलले नाही. आत्याने हातातला पट्टा खुंटीला अडकवला. "राहू दे इथंच. दोघांना बाहेर न्यायला लागेल," असे म्हणून तिने चहा मागितला. लेक दोन्ही चटयांच्या मधे जमिनीवर बसून मनसोक्त रडली.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. आजवर माझ्या आवाजाने जे जे धावले, ते माझ्यासाठी कुठे धावत होते? लेक वडिलांना हरवण्यासाठी धावायची, आई गिऱ्हाइकासाठी, पिल्ले दारापलीकडच्या वासासाठी. आता दार उघडण्याआधीच, बाहेर कोण आहे हे न पाहता, ती दोघे नुसत्या माझ्या शब्दावर जाऊन बसतात. या घरात माझे इतके कोणीच कधी ऐकले नव्हते. तरी चटयांवरचा राग काही गेला नाही, तो जाणारही नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे दांडगी पिल्ले असतील तर त्यांच्यावर ओरडू नका. प्रत्येकाला त्याची जागा द्या, आणि ती गप्प बसतात तेव्हाही त्यांच्याकडे लक्ष द्या. आमची आई अजूनही प्रत्येक बेलला "शाबास" म्हणते. ते त्या दोघांसाठी असते, मला ठाऊक आहे. पण माझ्या 'टाँग'च्या पाठोपाठ येते, म्हणून त्यातला तिसरा हिस्सा मी न विचारता घेते. तुमच्या घरीही जुनी बेल असेल. तुम्ही शाबास म्हणाल तेव्हा मोठ्याने म्हणू नका, कुत्री उठतील. फक्त तोंड जरा दाराकडे करून म्हणा.