घेण्यास नकार

इमारतीच्या जिन्याखाली भिंतीला बारा पत्रपेट्या ठोकलेल्या होत्या, आणि त्यांतली आठ क्रमांकाची पेटी निवृत्त ग्रंथपालांची होती. हे विधान कायद्याने बरोबर असले तरी वस्तुस्थितीच्या दृष्टीने धाडसाचे होते. पेटीचे कुलूप त्यांचे, किल्ली त्यांची, वरची पितळी पाटी त्यांची. आतला मुक्काम मात्र गाद्यांच्या दुकानाचा, दात पांढरे करून देणाऱ्यांचा, फरशी पुसून देणाऱ्यांचा आणि घरात जिना नसलेल्या माणसाला उद्वाहन विकू पाहणाऱ्यांचा. घरमालक स्वतःच्या घरात पोटभाडेकरू व्हावा, तशी त्यांच्या टपालाची गत झाली होती.

छत्तीस वर्षे ग्रंथालयात पुस्तकांचे वर्गीकरण केलेला माणूस आरडाओरडा करत नाही. तो नोंदी करतो. ग्रंथपालांनी तीन महिने एकही पत्रक फेकले नाही. त्यांनी ती प्रेषकानुसार लावली, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घातली आणि बुटांच्या खोक्यांत उभी करून ठेवली. त्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले, की गाद्यांच्या दुकानाने 'शेवटची संधी' तीन महिन्यांत अकरा वेळा दिली होती. ज्या दुकानाला 'शेवट' या शब्दाचा अर्थ अकरा प्रयत्नांत लागला नाही, त्याच्या गादीवर पाठ टेकणे ग्रंथपालांना तत्त्वतःच शक्य नव्हते. एका पाकिटावर 'खास आपल्यासाठी' असे लाल अक्षरांत छापले होते आणि आत मजकुराची सुरुवात 'प्रिय रहिवासी' अशी होती. ते पाकीट त्यांनी वेगळे ठेवले. माणूस कधी कधी रागाचाही संग्रह करतो.

तरीही हे सगळे त्यांनी गिळले असते. ताईची चाल हरवली नसती तर.

ताई त्यांची थोरली बहीण. दुसऱ्या गावात मुलाकडे राहत असे. एकोणीस वर्षे दोघे टपालाने बुद्धिबळ खेळत होते. एका कार्डावर एक चाल, खाली दोन ओळी प्रकृतीच्या. नियम ताईने घातलेले: चाल फक्त लेखी कळवायची, फोनवर नाही, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर डाव गेला. या एकोणीस वर्षांत चौदा डाव ताईने जिंकले होते, चार बरोबरीत सुटले होते, आणि एकच ग्रंथपालांच्या पदरात पडला होता. तोही तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवसांतला, हे ती दर दिवाणखान्यात, दर पाहुण्यासमोर न चुकता सांगत असे. ग्रंथपालांकडे बुद्धिबळावरच्या पुस्तकांची दोन फडताळे होती. ताईने त्या विषयावरचे एकही पुस्तक उघडले नव्हते.

तर यंदा ताईचे कार्ड बावीस दिवस बेपत्ता होते. अखेर ते सापडले गाद्यांच्या जाड पुस्तिकेत अडकलेले, आणि ती पुस्तिका बायकोने चपलांच्या मांडणीत खाली अंथरली होती. ग्रंथपालांनी कार्ड झटकले, चाल पाहिली, त्याच दिवशी उत्तर धाडले आणि मग शांतपणे चष्मा पुसला. बायकोने ते चष्मा पुसणे ओळखले. एकदा ग्रंथालयाच्या कार्यकारिणीने संदर्भविभागात चहाचे टेबल मांडले होते तेव्हाही त्यांनी तसाच चष्मा पुसला होता, आणि पुढच्या आठवड्यात टेबल गेले, कार्यकारिणीही गेली.

मोहीम पद्धतशीर होती. खोक्यांतल्या एक्केचाळीस प्रेषकांना एक्केचाळीस पत्रे गेली, प्रत्येकात दोनच वाक्ये: माझे नाव व पत्ता आपल्या यादीतून वगळावा, वगळल्याचे लेखी कळवावे. एकोणतीस जणांनी कळवले. एकाने आभार मानून सोबत नवी पुस्तिका जोडली. त्याला दुसरे पत्र गेले, आणि त्यातली वाक्येही दोनच असली तरी तापमान वेगळे होते. बँकेत जाऊन त्यांनी जाहिराती नको असल्याचा अर्ज भरला आणि पोच घेतली. पेटीच्या फटीवर स्वच्छ अक्षरांत पट्टी चिकटवली, तेव्हापासून दारोदार पत्रके टाकणारी बाई आठ क्रमांकाला वळसा घालू लागली; तिचा गठ्ठा त्यामुळे लवकर संपत नसे, पण तिनेही ब्र काढला नाही.

राहिले टपाल खाते. त्यासाठी ग्रंथपालांनी लेखी सूचना तयार केली. 'ज्या कागदाच्या कोणत्याही बाजूस जाहिरातीचा मजकूर अथवा चित्र छापलेले असेल, तो कागद, त्यावर तिकीट असो वा नसो, पत्ता असो वा नसो, आठ क्रमांकाच्या पेटीत टाकू नये. प्रेषकाकडे परत करावा.' वाक्य त्यांनी तीनदा वाचले आणि त्यात शिरायला कुठे फट राहिली नाही याची खात्री करून घेतली.

बायकोने ते चहाच्या टेबलावर वाचले आणि एवढेच सुचवले, की एखादे अपवादाचे कलम असावे. माणसे काय काय कशावर लिहितात याचा नेम नसतो. त्यावर ग्रंथपालांनी तिला ऐकवले, की अपवाद म्हणजे भिंतीला आपणच पाडलेले भोक. ग्रंथालयात एकदा एका प्राध्यापकाला मुदतवाढ दिली होती, तर त्याच्या नातवाने येऊन पुस्तक परत केले. बायको 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'चा सूर त्यांना चाळीस वर्षे ठाऊक होता, पण त्यांनी कानाडोळा केला.

पोस्टमनला सूचना फार आवडली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला तो काटेकोर माणूस. इतका निःसंदिग्ध आदेश त्याला उभ्या नोकरीत कोणी दिला नव्हता. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आपण अक्षरशः पालन करू असे आश्वासन दिले. ग्रंथपालांना ते आश्वासन वाटले. प्रत्यक्षात तो इशारा होता.

पेटी रिकामी झाली. सकाळी किल्ली फिरवावी, आत पत्र्याचा स्वच्छ तळ दिसावा, त्यावर फार तर विजेच्या देयकाचे एक सडपातळ पाकीट. ग्रंथपाल ते दृश्य पाहायला दिवसातून दोनदा खाली उतरू लागले. शेजारच्या सात आणि नऊ क्रमांकाच्या पेट्या तोंडातून पत्रके ओकत असत, त्यामुळे आठचे आरोग्य अधिकच उठून दिसे. बायकोने एकदा विचारले, की रिकामी पेटी बघायला जाताय तर जाताना कचरा तरी न्याल का. त्यांनी नेला. ते समाधानी होते, आणि समाधानी माणसाला कचऱ्याचे काही वाटत नाही.

समाधानाला आणखी एक कारण होते. चालू डावात ते जिंकत होते. ताईचा घोडा त्यांच्या राजाजवळ घुसला होता आणि त्याच्या माऱ्यात त्यांचा एक हत्ती होता. तो हत्ती त्यांनी मुद्दाम तिथे ठेवला होता. ताई काटकसरी. ती आमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर सामानाची यादी करे, औषधांच्या खोक्यांच्या आतल्या बाजूस हिशेब लिही. हाताशी आलेली वस्तू वाया जाऊ देणे तिच्या स्वभावातच नव्हते. फुकटचा हत्ती ती सोडणार नाही, या एका गृहीतावर ग्रंथपालांनी पुढच्या पाच चाली रचल्या होत्या. आता तिचे कार्ड यायचाच अवकाश होता.

कार्ड आले नाही. पंधरा दिवस गेले, वीस गेले. पेटीचा स्वच्छ तळ हळूहळू त्यांना स्वच्छ वाटेनासा झाला. पंचविसाव्या दिवशी त्यांच्या मनात नको ते विचार येऊ लागले. तीस दिवस भरले की डाव त्यांचा होणार होता, आणि एकोणीस वर्षांत ज्या विजयासाठी त्यांनी दोन फडताळे वाचली, तो विजय असा येऊ नये म्हणून ते आता जिन्याचे कठडे धरून खाली उतरत होते. सव्विसाव्या दिवशी त्यांनी फोन केला.

ताईला ऐकू कमी येई, म्हणून फोन भाचेसूनच घेत असे आणि सासूबाईंचे म्हणणे इकडे, मामांचे तिकडे पोचवत असे. तिने सांगितले, की सासूबाई ठणठणीत आहेत, पण मामांचे नाव काढले की स्वयंपाकघरात भांडी आपटतात. मागून ताईचा आवाज आला. 

"मामा, त्या म्हणतायत तसंच सांगते हं, माझ्यावर रागावू नका. त्या म्हणतायत, हरायला लागला की पट उधळायची सवय त्याला चौथीपासून आहे. पण टपाल परत पाठवण्याइतका कोडगा तो होईल असं वाटलं नव्हतं."

ग्रंथपालांनी विचारले, कोणते टपाल. तिकडे थोडी कुजबुज झाली.

"तुमच्याकडनं कार्ड परत आलंय. वर शिक्का आहे, 'घेण्यास नकार'. त्यांनी ते देवा-धर्माच्या कागदासारखं कपाटात ठेवलंय, आणि येईल त्याला दाखवतायत."

चाल कोणती होती हे विचारण्यात अर्थ नव्हता. फोनवर चाल सांगायची नाही, हा नियम ताईने अशा वेळी तर अजिबात मोडला नसता. शिवाय तिचा निकाल लागलेला होता: चाल घेतली नाही म्हणजे डाव सोडला, पंधरावा विजय तिचा. हरल्याचे ग्रंथपालांना एवढे लागले नसते. एकोणीस वर्षांत त्यांनी बहिणीचे एकही कार्ड टाकले नव्हते, सगळी अनुक्रमाने लावलेली होती. आणि तिच्या घरी आता येणारा-जाणारा पाहत होता, की भावाने तिचे अक्षर दारातून परत लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोस्टमनला जिन्याखाली गाठले. त्याने नाकारले काहीच नाही. उलट खिशातून घडी घातलेली सूचना काढली, उलगडली आणि संबंधित ओळीवर बोट ठेवले.

"साहेब, एका बाजूला हस्ताक्षर, पत्ता, तिकीट, सगळं होतं. दुसऱ्या बाजूला गादी. चांगली दुहेरी, फुलाफुलांची. मी दोनदा विचार केला. पण तुम्ही लिहिलंय, कोणत्याही बाजूस."

ग्रंथपालांनी ओळ वाचली. तिच्यात खरोखरच शिरायला कुठे फट नव्हती. गादीवाला ताईच्याही गावात होता. तिची पेटीही भरत असणार. फरक इतकाच, की भावाने त्या कागदांविरुद्ध युद्ध पुकारले आणि बहिणीने त्यांची जाड, गुळगुळीत पुस्तिका हाती घेऊन, तिचे मुखपृष्ठ कार्डाच्या मापाने कापून, कोऱ्या पाठीवर त्याला पत्र लिहिले. एकाच शत्रूशी दोघांची गाठ पडली होती आणि तिने त्याला कामाला लावले होते.

"तुमचं काही चुकलं नाही," ते पोस्टमनला म्हणाले. हे वाक्य उच्चारायला त्यांना कष्ट पडले, कारण ते पूर्णपणे खरे होते.

वर येऊन त्यांनी बायकोला सगळे सांगितले. ती हसली नाही. तिने फक्त चहा ठेवला आणि पाठमोरी उभी राहिली, तेव्हा तिचे खांदे हलत होते. पुन्हा फोन केल्यावर भाचेसुनीच्या तोंडून ताईची अट आली: नकार लेखी मागे घे, मग बघू. एक्केचाळीस जणांकडून लेखी मागणाऱ्या माणसावर आता स्वतः लिहून द्यायची पाळी आली. ग्रंथपालांनी चार मसुदे फाडले. पहिल्यात पोस्टमनचा दोष होता, दुसऱ्यात गादीवाल्याचा, तिसऱ्यात टपाल खात्याचा. चौथा भाषेच्या मर्यादांवर होता आणि तो दोन पानी होता. शेवटी जे गेले ते दोनच वाक्यांचे. 'ताई, सूचना मी लिहिली होती आणि ती लिहिताना तुझा विचार केला नाही. कार्ड परत पाठव, मी ते स्वतः खाली उतरून घेईन.'

सूचनेत एक ओळ वाढली: बहिणीच्या हस्ताक्षरातला कोणताही कागद, त्याच्या पाठीवर काहीही छापलेले असले तरी, घ्यावा. नमुन्यासाठी तिचे एक जुने कार्ड पोस्टमनला दाखवले गेले. त्याने ते बराच वेळ न्याहाळले, ताईच्या 'र'ची मोड लक्षात ठेवली आणि आता चूक होणार नाही असे सांगितले. बायकोने नवी ओळ वाचली आणि 'बरं' म्हणाली. या वेळचा सूर वेगळा होता.

सहाव्या दिवशी पोस्टमनने पेटीत न टाकता कार्ड हातात दिले. ग्रंथपाल जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. एका बाजूला फुलाफुलांची दुहेरी गादी आणि 'शेवटची संधी'. दुसऱ्या बाजूला जांभळा शिक्का, 'घेण्यास नकार', आणि त्यावर ताईने शाळामास्तरणीसारखी मारलेली लाल काट. खाली चाल. प्रकृतीच्या दोन ओळींच्या जागी एकच ओळ होती: 'गुडघा बरा आहे, तुझा राजा कसा आहे?'

वर जाऊन त्यांनी पटावर चाल केली. ताईने हत्ती मारलाच नव्हता. घोडा बाजूला उडाला होता आणि त्याच्यामागे दडलेल्या वजिराची वाट मोकळी झाली होती: एकाच वेळी दोन शह. राजाला कोपऱ्यात जाणे भाग. मग ताई आपला वजीर राजाच्या अंगाला भिडवून फुकट देणार; तो मारायला ग्रंथपालांना तोच आमिषाचा हत्ती सरकवावा लागणार; आणि स्वतःच्याच हत्तीने व प्याद्यांनी चहूबाजूंनी बंदिस्त करून घेतलेल्या राजाला, हलायला एकही घर उरले नसताना, घोडा मात देणार. ज्या बाईने आयुष्यात कागदाची पाठ वाया घालवली नाही, ती वजीर उधळायला निघाली होती.

ग्रंथपाल पटाकडे बराच वेळ पाहत राहिले. राजाभोवतीची ती तटबंदी त्यांनी किती काळजीने उभारली होती, तेही त्यांना आठवले. मग त्यांनी राजा आडवा ठेवला. त्यांना हलके वाटत होते. आपण बावळटासारखे हसतो आहोत हे त्यांना बायकोने येऊन सांगितले तेव्हा कळले.

उत्तर लगेच जायला हवे होते: डाव मान्य, पंधरावा, नव्या डावाची पहिली चाल, राजापुढचे प्यादे दोन घरे. त्यांनी कोरे कार्ड पुढ्यात घेतले, लेखणीचे टोपण काढले आणि थांबले. कार्ड बाजूला सारून ते खाली उतरले.

आठ क्रमांकाची पेटी आपल्या तत्त्वांना जागून रिकामी होती. खोक्यांतला तीन महिन्यांचा संग्रह त्यांनी मोहीम फत्ते झाल्याच्या दिवशीच रद्दीत घातला होता. नऊ क्रमांकाच्या पेटीच्या तोंडातून मात्र एक जाड, गुळगुळीत पत्रक अर्धे बाहेर लोंबत होते. तेवढ्यात नऊ क्रमांकाच्या काकू भाजीची पिशवी घेऊन दारातून आत आल्या आणि इमारतीतल्या जाहिरातींचा हा कर्दनकाळ आपल्या पेटीसमोर घोटाळताना पाहून थबकल्या.

"काकू, हे पत्रक तुम्हाला लागणार आहे का?" ग्रंथपालांनी विचारले. "पाठ कोरी आहे त्याची."