पुंजारामच्या गाडीचा लाल दिवा

ही १९७८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. द्राक्षांचा हंगाम भरात होता आणि माझी थोरली मुलगी नुकतीच बालवाडीत जायला लागली होती.

नाशकात द्वारकेला, आग्रा रोडच्या कडेला माझ्या सासऱ्यांचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या. आमचे हे ओझरच्या विमान कारखान्यात होते. सकाळी कारखान्याच्या बसने जायचे ते संध्याकाळीच यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि भिंतीपलीकडे मामंजी.

मल्हारी मिस्त्री म्हटलं की मामंजींना मालेगावपर्यंतचे ड्रायव्हर ओळखायचे. मोजायची यंत्रं त्यांच्याकडे नव्हती. एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते सांगायचे, टॅपेट सैल आहे, बेरिंग बोलतंय, पंप कोरडा चाललाय. उघडून पाहिलं की तसंच निघायचं.

दोन वर्षांपासून त्यांचे कान जायला लागले होते. माणसांचं बोलणं कळायचं, पण इंजिनाच्या पोटातले दबके आवाज गेले ते गेलेच. एका दुपारी शेडमध्ये कुणी नसताना त्यांनी मला हाक मारली.

"सिंधू, हे कानाला लाव. काय ऐकू येतं?"

मी लावलं आणि ऐकू आलं ते सांगितलं. त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. गिऱ्हाईक आलं की ते म्हणायचे, गाडी ठेवून जा, चारला या. दुपारी रस्ता सुस्त झाला की ते इंजिन चालू करायचे आणि मी ऐकायची. कुठला आवाज कशाचा, हे त्यांनीच मला शिकवलं. वर्षभरात मला भिंतीआडूनही कळायला लागलं. ही गोष्ट आमच्या ह्यांनासुद्धा ठाऊक नव्हती. मिस्त्रीचे कान गेले असं एकदा बाहेर पडलं असतं तर त्यांचं नावच संपलं असतं. त्या माणसाकडे नावाशिवाय दुसरं काही नव्हतं.

लोकांसमोर मात्र मी सून होते. डोक्यावर पदर घ्यायचा, चहा ठेवायचा आणि मागे फिरायचं. परक्या पुरुषांत सासऱ्यांशी बोलायचं नाही. हे मला मामंजींनी कधी सांगितलं नव्हतं. मी माहेराहूनच ते घेऊन आले होते.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला पुंजाराम आणि त्याचा थोरला भाऊ गोरक्ष यांची गाडी शेडसमोर येऊन थांबली. पुंजाराम चालवायचा आणि गोरक्ष क्लीनरचं काम करायचा. दोघांची ही पहिलीच स्वतःची गाडी, तीही तीन मालकांच्या हाताखालून आलेली. मागे द्राक्षांच्या पेट्या भरल्या होत्या, इंदूरला जायच्या.

"मामा, ऑइलचा लाल दिवा विझंना," पुंजाराम म्हणाला. "रेस दिली का विझतो, सोडली का परत लागतो."

"मी म्हनलं ऱ्हाऊ दे, देवापुढं बी लावतोच ना आपन," गोरक्ष म्हणाला. "तर ह्याला पटंना."

मामंजींनी तेल पाहिलं, ते बरोबर होतं. मग त्यांनी इंजिनाजवळच्या स्विचची वायर उपसून काढली. दिवा विझला.

"वायर कुठं चिकटलेली नाही. म्हणजे एक तर स्विच गेलाय, नाहीतर खरंच तेलाचं प्रेशर पडतंय. ठेवून जा. चारला या."

"चारला? मामा, द्राक्षं हायेत! सकाळच्या लिलावाला पोचायचंय."

बाकड्यावर सावळीराम नावाचा ड्रायव्हर बसला होता. त्याच्या गाडीच्या स्प्रिंगचे पाटे बदलायचे होते. तो हसला. "अरे, मामाला आजकाल चारचाच मुहूर्त लागतो. काय मामा, कान म्हातारा झाला का काय?"

"सावळ्या, मामाचा कान तुझ्या तोंडापेक्षा लय बरा चालतो," गोरक्ष म्हणाला. सगळे हसले.

मामंजी हसले नाहीत. त्यांनी खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढला.

मी चहा घेऊन आले तेव्हा इंजिन चालू होतं आणि ते डोळे मिटून वाकले होते. पुंजारामने रेस दिली आणि सोडली. सोडताक्षणी मला तो आवाज आला. तीन घरांपलीकडे कुणी धुणं आपटावं तसा, जड आणि दबका. मागच्या दिवाळीत एका ट्रॅक्टरचा असाच आवाज आला होता आणि मामंजींनी मला समजावलं होतं, बेरिंग झिजलं की तेल तिथून निसटतं, म्हणून प्रेशर पडतं. अशी गाडी जागची हलवू नये.

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता. त्यांच्या नजरेमागून सावळीरामची नजर आली, मग पुंजारामची. इतके पुरुष माझ्या तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर मी मान खाली घातली.

"स्विच गेलाय," मामंजी म्हणाले. "बेरिंग गप्प आहे. नवा स्विच मुंबईहून मागवतो. तोवर वायर काढलेलीच राहू दे, दिवा उगाच डोळ्यांवर येईल."

मामंजी, जरा घरात येता का, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण ते आत येऊन बाहेर गेले असते आणि त्यांनी शब्द फिरवला असता, तर सावळीरामला सगळं कळलं असतं. मी रिकामे ग्लास उचलायला लागले.

"वहिनी, आलं झकास, पण साखर इसरल्या बरं का," गोरक्ष गाडीत चढता चढता म्हणाला. मी खरंच विसरले होते.

सावळीराम एक वाजेपर्यंत हलला नाही. तो गेल्यावर मी मामंजींच्या कानाशी जाऊन सांगितलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "पण तू मान हलवलीस."

"मी मान खाली घातली होती, मामंजी."

पायात चपला नसतानाच ते रस्त्यावर गेले आणि धुळ्याकडे निघालेला एक ट्रक हात करून थांबवला.

चांदवडच्या पुढे चढाला पुंजारामचं इंजिन जाम झालं होतं. ब्रेक भार पेलेनात, भरलेली गाडी मागे सरकायला लागली. गोरक्ष उडी मारून चाकामागे दगड लावायला धावला. दगड निसटला आणि त्याचा पाय चाकाखाली सापडला. मामंजी पोचले तेव्हा लोक पहारीने चाक उचलायला बघत होते. मामंजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला नाशकाला आणलं आणि सिव्हिलमध्ये डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. व्हरांड्यात पुंजाराम होता, गोरक्षची बायको सखुबाई होती, सावळीरामही आला होता. पुंजाराम म्हणत होता, गाडीच जुनी, मामा तरी काय करणार. मामंजी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीचा दोष नाही. दिवा खरं सांगत होता. मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. ते मी लपवलं."

जे दोन वर्षं आम्ही दोघांनी जपलं, ते त्यांनी एका दमात टाकून दिलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. सखुबाई उठली आणि त्यांच्या अंगावर धावून गेली. मी डबा धरून भिंतीला टेकून उभी राहिले. तेव्हाही मी बोलले नाही.

मामंजींनी पुन्हा मला ऐकायला बोलावलं नाही. मोठं काम यायचं थांबलं. ते ग्रीसिंग, पाटे असली कामं करत राहिले आणि १९८३ च्या श्रावणात गेले. शेवटपर्यंत माझ्याशी त्यांचं वागणं पहिल्यासारखंच होतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

सावळीरामने मात्र गाडी दुसरीकडे नेली नाही. मामंजी असेपर्यंत तो आमच्याकडेच यायचा आणि बाकड्यावर मुकाट बसायचा. पुंजारामची गाडी भंगारात गेली. तो एसटीत ड्रायव्हर लागला, मनमाड डेपोतून रिटायर झाला आणि आता मुलाकडे असतो. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनाही मी सांगितलं नाही.

गोरक्षने दिंडोरी नाक्यावर सायकलींचं दुकान टाकलं. एकदा मी मनाशी ठरवून त्याच्याकडे गेले होते. तो पंक्चर काढत होता. मला पाहून त्याने कुबडी ओढली, स्टूल पुसून दिलं आणि चहा मागवला. मी चहा पिऊन परत आले. तो २००४ साली गेला.

सखुबाई आहे. मी आता नाशकातच अंबडला मुलीकडे असते, आणि घरामागेच सखुबाईच्या नातवाचं घर आहे. आम्ही दोघी सकाळी उन्हात बसतो. बोलता बोलता ती त्या दिवसावर येते. म्हणते, "तुझ्या सासऱ्यानं नावापायी माझ्या मालकाचा पाय घेतला." आणि मी ऐकून घेते. तिला वाचता येत नाही. नातू तिला रोज पेपर वाचून दाखवतो. हे लिहिलेले कागद मी त्याच्याकडे देणार आहे.