चित्रात नसलेली तुती

तुम्ही माझ्या भावाच्या हातून झाड तोडवलंत. कुऱ्हाड तुमच्या माणसांची होती, पण हुकुमाला पुरावा म्हणून जोडलीत ती त्याची चित्रं.

दादा एकतीस वर्षं जुन्या बागेची चित्रं काढत होता. बागेखालच्या उतारावर द्राक्षमळा आहे, तिथं मी वेलींची छाटणी करतो. दुपारी डबा घेऊन वर गेलो की तो तुतीखाली बसलेला. जागा ठरलेली. तिथून कारंजं, दगडी पायऱ्या आणि पलीकडच्या माझ्या वेलींच्या ओळी एका नजरेत मावतात. जेवताना ओलं चित्र तो बुंध्याला टेकवायचा, तोंड आत करून. वरून पिकली तुती टपकली तर पाठीवर पडावी, रंगावर नाही.

"एवढा मळा काढलास, त्यात घड एक नाही," मी चिडवायचो.

"तू घड पिकव, मी हिरवं फासतो. भांडण कशाला?"

मग तुम्ही बागेचे नवे मालक म्हणून आलात. बाग होती तशी पुन्हा करायची म्हणालात, चित्रं मागून नेलीत. दादा हरखला. वहिनीला म्हणाला, "बघ, आता माझ्या चित्रावरून बाग उभी राहणार."

"राहू दे. आधी शर्टावरचे ते जांभळे डाग काढा," वहिनी म्हणाली.

महिनाभरानं तुतीवर कुऱ्हाड पडली. कागदावर काय लिहिलंत? 'एकाही चित्रात हे झाड नाही, सबब ते मूळ बागेतलं नाही.' बुंधा दोघांच्या कवेत मावत नव्हता, तो डोळ्यांना दिसला नाही. कागद तेवढा दिसला.

दादा रंगाची पेटी घेऊन तसाच मळ्यात उतरला. "अरे, मी तिला कधी काढलंच नाही."

"खाली बसून वरचं झाड कसं काढणार होतास?"

"एकदा तरी दहा पावलं मागं सरायला हवं होतं रे."

आता तो घरी भिंतीकडे तोंड करून तुती काढायला बसतो आणि पुसतो. म्हणतो, सावली आठवते, पानं आठवतात, पण अख्खी ती कशी दिसायची ते आठवत नाही. लांबून बघितलीच नाही कधी. वहिनी शर्ट धूत नाही. घडी घालून कपाटात ठेवलाय.

त्याची चित्रं अजून तुमच्या दिवाणखान्यात टांगलेली आहेत. उतरवा. उलटी करा. प्रत्येकाच्या पाठीवर जांभळे डाग आहेत, एकतीस वर्षांचे. पुरावा हवा होता ना? तो तुमच्या भिंतीला चिकटून होता.

दादा रोज मला विचारतो, "माझ्यामुळेच ना?" मी नाही म्हणतो, त्याला पटत नाही. माझ्या शब्दाला काय किंमत! तुम्ही या. त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा: चित्रं नेताना, टांगताना, सही करताना तुमच्यातल्या एकानं तरी एकदा पाठ बघितली होती का?