उपासाला चालणारी पावडर

मी एक जुना शेकर आहे. शेकर म्हणजे झाकणाची प्लास्टिकची बाटली, पावडर पाण्यात हलवून प्यायची. माझ्या पोटात तारेचा एक गोळा आहे. जरा हात लागला की तो खडखडतो आणि मला स्वस्थ बसू देत नाही. आत्ताही त्याची चुळबुळ चाललीच आहे, म्हणून भरभर सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यातून निघालो, अंगावर पळत्या माणसाचं चित्र छापलं गेलं, आणि प्रोटीन पावडरच्या डब्याला बांधून मला नांदे गावाला पाठवलं. फुकट आलोय, हे मी लपवत नाही.

माझी मालकीण वैभवी. तिचे वडील शेरडं राखतात आणि हंगामात मजुरीला जातात. ती लवळ्याच्या कॉलेजात शिकते आणि पाच हजार मीटर पळते. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर कॉलेजच्या संघाची निवड होती, पाचच मुली घेणार होते. वैभवीला त्या पाचांत यायचंच होतं. पण सराव वाढला तसे तिचे पाय जड व्हायला लागले. वर्गात डुलक्या, जिना चढताना धाप. जिममधला सौरभ तिला म्हणाला, "प्रोटीन चालू कर, थकवा पळून जाईल." तिनं लगेच डबा मागवला.

मित्रांनो, ते पहिले आठ दिवस माझे फार सुखाचे गेले. पहाटे ती मला जोरजोरात हलवायची, घटाघटा प्यायची आणि म्हणायची, "आज बरं वाटतंय." मला वाटलं, हे आपल्यामुळेच. असा फुगलो होतो की विचारू नका.

मग नवरात्र आलं. निवड व्हावी म्हणून वैभवी देवीला बोलली होती, नऊ दिवस कडक उपवास धरीन. तिच्या आईचा, अंबाबाईचा, उपवास उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. अंबाबाईनं मला उचलून वास घेतला.

"उपासाला चालतं का गं ह्ये?"

वैभवीनं डबा फिरवून दाखवला. "हिरवा ठिपका हाय बग. चालतंय."

"आन् भगर? शेंगदाण्याची आमटी केलीया."

"त्यानं पोट जड व्हतंय, आये. पळता येत न्हाई."

झालं. सकाळी पावडर, दुपारी पावडर, रात्री पावडर. पहाटे चारला उठून शेरडांचा वाडा झाडायचा, मग पळायचं, मग कॉलेज. मी तिच्या बॅगेत खडखडत होतो आणि मनातून हबकलो होतो. माझ्यात दोन चमचे पावडर मावते, जेवणाचं ताट मावत नाही. पण मला सांगता कुठं येतं?

सातव्या माळेला लवळ्याच्या चढावर ती मटकन खाली बसली. मी हातातून सुटलो आणि गडगडत उताराला लागलो. झाकणाला ही चीर पडली ती तेव्हाची. मागून येणाऱ्या मेधा मॅडमनी, तिच्या प्रशिक्षकांनी, तिला सावलीत नेलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"पावडर."

"आणि काल?"

वैभवीनं उताराला पडलेल्या माझ्याकडं बोट केलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं. म्हणाले, "आजार काही नाही. पोट रिकामं आहे आणि झोप अपुरी आहे. पावडर म्हणजे काही विष नाही, पण ती जेवणाची जागा घेत नाही, झोपेची तर नाहीच. नीट जेवणाऱ्या तुझ्यासारख्या मुलीला बहुतेक वेळा तिची गरजही पडत नाही."

घरी आल्यावर वैभवी रडली. पळण्यासाठी नाही, उपवास मोडेल म्हणून. अंबाबाईनं तिच्यापुढं ज्वारीची भाकरी, हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं आणि तांब्याभर शेळीचं दूध ठेवलं.

"मला कुटं पळायचंय? उरलेल्या माळा मी धरते. आन् वाडाबी मीच झाडीन. तू जेव आदी."

मी फळीवर होतो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

निवडीत वैभवी सहावी आली. पाचांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी कित्येक महिने फळीवर धूळ खात पडलो. पावडरच्या डब्यात अंबाबाईनं हुलगे भरले. मला वाटलं, आता आपण भंगारात जाणार. पण उन्हाळ्यात वैभवीनं मला खाली काढलं, घासून धुतलं आणि माझ्यात ताक ओतलं, मीठ-जिरं घालून. पळून आल्यावर भाकरीबरोबर प्यायला. माझा गोळा पुन्हा खडखडला.

यंदाच्या निवडीत ती तिसरी आली. मैदानावर मी तिच्या हातात होतो. तेवढ्यात हॉस्टेलची जुईली धापा टाकत जवळ आली. ती सातवी आली होती, ओठ सुकले होते. तिची नजर माझ्यावर खिळली.

"तू कुठली पावडर घेतेस गं? मला नाव सांग ना."

वैभवीनं झाकण उघडून ताक तिच्यापुढं केलं. "नाव सांगते. आदी तू सांग, सकाळी काय खाल्लंस?"

जुईलीनं मला दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावलं.

मित्रांनो, मला हातात घ्यायच्या आधी हा एक प्रश्न स्वतःला विचारत जा. माझी चुळबुळ चालू आहे ती त्याच्यासाठीच. जुईलीनं अजून उत्तर दिलेलं नाही, पण ताक मात्र तिनं सगळं संपवलं.