घासाघीस न करता

हेमालीने लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि नविन सरांच्या उत्तरातल्या पहिल्याच ओळीखाली रेघ ओढली. ‘संपादकबाईंच्या जुन्या दुखण्याचा इलाज आता या त्रैमासिकाच्या खर्चाने व्हावा, याची गंमत वाटते.’

“आला! बघ सुनिल, स्वतःच्या पायांनी आला.”

सुनिल टेबलापलीकडे चहाचा कप धरून बसला होता. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा मुलगा, आता तिथेच कॉलेजात शिकवणारा. सरांच्या ताज्या लेखाची चिरफाड त्यानेच केली होती. ती या अंकात सरांच्या उत्तरासकट छापायची होती.

“मॅडम, ते माझ्या लेखावर कमी आणि तुमच्यावरच जास्त बोललेत.”

“बोलू दे की. शेवटचं टिपण माझं आहे.”

डहाणूतून निघणारं हे किनारपट्टीच्या समाजजीवनावरचं त्रैमासिक. वाचणारे मूठभर, पण या विषयात ज्याला नाव हवं, त्याला इथे छापून यावंच लागे. हेमालीचा पहिला लेख इथेच आला होता. किनाऱ्यावरच्या झाई गावच्या सुकी मासळी विकणाऱ्या बायका आणि पाड्यांवरच्या त्यांच्या गिऱ्हाईक बायका बाजारात एकमेकींना शिव्या घालतात, ते वैर नव्हे, ते नातं, आईकडून लेकीकडे आलेलं, असं तिने लिहिलं होतं. लिहिणारच ना! तिची आईच त्या बाजारात बसायची. पुढच्याच अंकात नविन सरांनी तिला सोलून काढलं. तिचे स्वतःचे मार्गदर्शक, बरं का! लेखिका घरची भांडणं संशोधन म्हणून खपवते, मासळीची पाटी विद्यापीठात आणून ओतते, असं ते छापून बसले. तिने उत्तर लिहिलं. तेव्हाच्या संपादकांनी कळवलं, ‘जागा नाही.’

त्यानंतर चर्चासत्रात ती उभी राहिली की कुणीतरी हळूच नाकाला रुमाल लावायचं. नोकरीच्या एका मुलाखतीत तर तोंडावर विचारलं, “पाटीवाल्या बाई त्या तुम्हीच का?” सर शेजारीच बसले होते. हसले. हेमालीने गिळलं सगळं, पण विसरली? छे! नाव नको.

संपादक झाल्यावर तिने पहिला नियम केला तो वादाचा. टीका आली की आधी लेखकाला दाखवायची आणि त्याचं उत्तर त्याच अंकात, एक शब्दही न कापता छापायचं. त्यावर वाटलंच तर संपादकाचं टिपण. अंकात जान आली, जुनेजाणते भांडायला लागले, नवी पोरं धीटपणे लिहायला लागली. लोक म्हणाले, काय मोठ्या मनाची बाई! मोठं मन कसलं? ती दबा धरून बसली होती. सर या बाजाराकडे परत फिरकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ते फिरकले. किनारा आणि डोंगरपट्टी यांच्यात जुनं वैर आहे, बाजारातल्या शिव्या हाच त्याचा पुरावा, असा लेख त्यांनी पाठवला. तिने तो बिनतक्रार छापला.

आता सुनिलचा लेख होता, सरांचं उत्तर होतं आणि तिचं टिपण तयार होतं. नाकाला मिरच्या झोंबाव्यात असं. सगळे त्याचीच वाट बघत होते.

त्या आठवड्यात आईचे, देवकीचे, गुडघे फारच धरले, म्हणून हेमाली तिच्याबरोबर तलासरीच्या बाजाराला गेली. पाट्या उतरवून होतात न होतात तोच पाड्यावरची तिची जुनी गिऱ्हाईक बारकी लांबूनच ओरडत आली.

“काय गो देवके, हे बोंबील का वहाणा?”

“तुझे दात पडले, त्याला मी काय करू? पेज पी घरी!”

“माज बघा मेलीचा! अर्ध्या भावात दे, नाहीतर ने परत झाईला.”

भाव जुळेपर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुनांचा, नवऱ्यांचा, गेलेल्या सासवांचाही उद्धार केला. मग बारकीने पिशवीतून एक भोपळा काढून पाटीत आपटला आणि चालू लागली.

“असला वाकडा भोपळा आणताना लाज नाही वाटली?” देवकी खुशीत तिच्या मागे ओरडली.

थोड्या वेळाने पुतळी आली. तीही बारकीइतकीच जुनी. तिने भाव विचारला. देवकीने नेहमीसारखा दुप्पट सांगितला आणि शिवीची वाट बघत हसत बसली. पुतळीने सांगितले तेवढे पैसे पाटीच्या कडेला ठेवले आणि बोंबील पिशवीत भरले.

“चांगले आहेत,” ती म्हणाली आणि गेली.

देवकीचा हात पाटीवरच राहिला. बोटं थरथरत होती.

“काय झालं आई?”

“तिचा पोरगा गेला ना, तेव्हा मी गेले नाही गं. गुडघ्याचं निमित्त केलं.” देवकीने पदराने तोंड पुसलं. “आता नाही ती भांडायची माझ्याशी. मरेपर्यंत नाही.”

“मग आपण जाऊ तिच्याकडे. बोल तू.”

“काय बोलू? चार शिव्या घातल्या असत्या, तर पाय धरले असते मी तिचे. तिने बोलायला जागाच ठेवली नाही.”

परतीच्या गाडीत देवकी तो वाकडा भोपळा मांडीवर घेऊन बसली. सुनिलच्या लेखाच्या शेवटी हेच होतं, की जी न भांडता माल घेते, तिने नातं तोडलं असं समजतात. हेमालीने ते वाचलं होतं, तपासलं होतं, बरोबर म्हणून खूणही केली होती. आईची बोटं मात्र तिने आज पाहिली.

दुसऱ्या दिवशी तिने टिपण पुसून टाकलं.

“पुसलंत?” सुनिल खुर्चीतून उठलाच. “मॅडम, सगळे त्यासाठी थांबलेत!”

“सरांचं उत्तर आलं तसं लाव. काना-मात्रा बदलू नकोस.”

“म्हणजे माफ केलंत त्यांना?”

हेमाली हसली.

“स्वतःचा लेख वाच एकदा परत.”

अंक गेला. आठवडाभर काहीच झालं नाही. मग एका दुपारी सरांचा फोन आला.

“हेमाली, अंक मिळाला. तुझं टिपण छापायचं राहिलं का?”

“नाही सर. टिपण नव्हतंच.”

“मी एवढं लिहिलं तुझ्यावर...”

“वाचलं ना. चांगलं लिहिलंय.”

पलीकडे अंकाची पानं उलटल्याचा आवाज आला.

“त्या सुनिलचा लेख मी परत वाचला,” सर म्हणाले. आवाज म्हाताऱ्याचा वाटला. “शेवटचा भाग. ती न भांडणारी बाई.”

“हं.”

“तेव्हा तुझं उत्तर छापू नका, असं मीच सांगितलं होतं संपादकांना. हे माहीत होतं तुला?”

“हो.”

“मग बोल ना काहीतरी! शिव्या घाल हवं तर. ऐकून घेईन मी.”

हेमालीने फोन धरलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं अगदी स्थिर होती.

“नको सर. वर्गणी संपत आलीय तुमची, तेवढी भरा,” ती म्हणाली आणि पुढच्या अंकाची मुद्रितं जवळ ओढली.